अंगद लिस्बनला गेलाच नव्हता

वनमाला बीडच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिचा नवरा तिला घ्यायला आलेला नव्हता. तो तिच्याबरोबर लिस्बनहून परत आलेला होता.

डोकं फिरलं ना? तिचंही फिरलं. मुंबईहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून पाय सुजलेले, पाठीवर सॅक, तोंडावर धूळ, आणि समोर अंगद उभा. कडक इस्त्रीचा शर्ट, गॉगल, हातात चाकाची मोठी बॅग.

"तुमी कुठं निघालाव?" तिनं विचारलं.

"निघालो न्हाई. आलोय."

"कुठून?"

अंगदनं इकडंतिकडं बघून घेतलं. "तिकडूनच. तुझ्यासंगं."

वनमालाला वाटलं ह्याला ऊन लागलं.

"अगं, गावात असंच सांगितलंय. अमरसिंह म्हणला, बाई एकटी परदेशात गेली म्हणल्यावर लोक काय म्हणतील? घराण्याची इज्जत हाय. मंग मी बबिताकडं ऱ्हायलो."

अमरसिंह म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, बबिता बहीण. "म्हणजे मी लिस्बनला व्हते तवर तुमी युसूफ वडगावला?"

"बाहीर पाऊलसुदिक टाकलं न्हाई. कुणी आलं की माळ्यावर चढून बसायचो." आणि हे असं सांगत होता, जणू आता बायकोनं म्हणावं, लई हाल झाले की वो तुमचे!

फोनवर बोलताना मागून म्हैस ओरडायची ती आठवली तिला. टीव्ही चालू हाय म्हणायचा. टीव्ही!

आता ही वनमाला कोण ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर तिच्या रागाचं वजन कळायचं नाही. वडवणीला बाजाराच्या रस्त्यावर तिचं बॅगांचं दुकान आहे. शाळेची दप्तरं, बाजाराच्या पिशव्या, तुटलेली चेन, निघालेला पट्टा, सगळं ती शिवते. मशीन तिची, कात्री तिची, बोटाला पडलेले घट्टे तिचे. अंगद गल्ल्यावर बसतो. वाईट नाही हो माणूस. दारू नाही, मारझोड नाही. फक्त अमरसिंह म्हणेल तिकडं मान हलवतो. आणि अमरसिंहला झेडपीला उभं राहायचंय, त्यामुळं त्याचं म्हणणं कधी संपतच नाही.

काही वर्षांमागं कपिलधारचा धबधबा बघायला आलेली एक परदेशी पोरगी दुकानात आली होती. सॅकचा पट्टा पार मुळातून निघालेला. वनमालानं सॅक उलटी केली, आतली शिवण बघितली आणि बघतच राहिली. पट्टा शिवता शिवता तिनं जुन्या पेपरवर त्या सॅकचं माप काढून घेतलं. मग खुणेनंच विचारलं, एकटीच? पोरीनं एक बोट वर केलं. एकटीच. आणि हसली.

झालं. ते बोट वनमालाच्या डोक्यात जाऊन बसलं. त्या मापावर तिनं स्वतःसाठी सॅक शिवली. हिरवं कॅनव्हास, पाठीला डबल फोम. गिऱ्हाईक विचारायचं, ही कितीला? ती म्हणायची, ही इकायची न्हाई. पुण्यात नोकरीला असलेल्या तिच्या लेकीनं, सायलीनं, शेवटी तिकीट काढून दिलं, मोबाईलवर हॉस्टेल बघून दिलं. जून महिना. लिस्बन का? त्या पोरीनं पेपरवर लिहून दिलेलं तिचं गाव होतं ते, एवढंच. ती पोरगी आता तिथं राहतसुद्धा नव्हती.

घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, कशासाठी. कावून? कावून जायचं? कुणाचं लग्न हाय का तिथं? नवस हाय का? काम हाय का? अंगद एवढंच म्हणाला होता, "जा." वनमालाला तेव्हा केवढं भरून आलं होतं त्या एका शब्दानं! त्याच शब्दानं आता बीडच्या स्टँडवर तिचं रक्त उकळत होतं.

कारण ती खरंच एकटी फिरली होती हो. हॉस्टेलात लेकीच्या वयाच्या पोरी, आणि ही वरच्या पलंगावर शिडीनं चढणारी. पंजाबी ड्रेस, बूट, पाठीवर हिरवी सॅक. सगळं शहर चढउताराचं. रस्त्यात बारके पांढरे दगड बसवलेले, आणि ते असे गुळगुळीत की पालथ्या परातीवरून चालल्यासारखं. पिवळी ट्राम गल्लीतून अशी घुसायची की भिंतीला चिकटून उभं राहावं लागायचं. घरांना बाहेरून निळ्या फरशा. माणसं उन्हानं हाश्शहुश्श करायची आणि हिला हसू यायचं. आमच्या वडवणीत या मे महिन्यात, म्हणायची मनात.

पहिल्या दिवशी भाषा कळेना, मोबाईलची बॅटरी गेली, हॉस्टेल सापडेना. एका चर्चच्या पायऱ्यांवर बसून ती रडली. मग स्वतःच उठली, नदीकडं उतरत गेली आणि नदीवरून ओळखीचा रस्ता शोधून काढला. कुणीही सांगितला नाही. तिनं शोधला.

आणि एक दिवस चढाच्या गल्लीत एक म्हातारी दिसली. बाजाराच्या पिशवीचा पट्टा तुटलेला, बटाटे घरंगळत खाली. वनमालानं पळत जाऊन बटाटे गोळा केले आणि सॅकमधून दाभण आणि मेणाचा दोरा काढला. ते तिच्या सॅकमध्ये असतंच. तिथंच पायरीवर बसून पट्टा शिवून दिला. म्हातारीनं घरातून लालबुंद चेरी आणून तिची ओंजळ भरली. ते सगळं तिनं संध्याकाळी अंगदला फोनवर सांगितलं. रोज सांगायची. तो "हां, हां, पुढं?" करत ऐकायचा. अमरसिंहचा मात्र एकच मेसेज, वहिनी, ग्रुपवर फोटो टाकू नका. का, ते आता कळलं.

ती परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वडवणीत दोघांचा सत्कार. चौकात फ्लेक्स लागलेला. अर्ध्या फ्लेक्सवर अमरसिंहच फेटा बांधून हात जोडून उभा. खाली शुभेच्छुक पोरांची मुंडकी. कोपऱ्यात अंगद, आणि त्याच्या शेजारी चिकटवलेली डोक्यावर पदर घेतलेली वनमाला, लग्नाच्या अल्बममधली. मागं आयफेल टॉवर. लिस्बनमध्ये! आणि मजकूर, "युरोप अभ्यास दौरा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल श्री. अंगदराव व सौ. वहिनीसाहेब यांचे हार्दिक अभिनंदन."

सौ. वहिनीसाहेब. नावसुद्धा नाही!

शेजारची फळवाली अनिसा गाडा सोडून तिच्याजवळ आली. "वनमाला, तेरा मरद तो उडून बी आला आणि दिसला बी न्हाई कुणाला," ती हळूच म्हणाली. "परवाच माझा भाचा युसूफ वडगावला आंबे द्यायला गेलता. बबिताच्या माळ्यावरून अंगदभाईचे पाय लटकत व्हते म्हणं."

"गावाला माहिती हाय?"

"सगळ्याला हाय. बोलतंय कोण?"

हे ऐकून तर तिच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे सगळ्यांना खोटं माहीत होतं, आणि सगळे टाळ्या वाजवायला आले होते!

मंगल कार्यालयात अंगदला फेटा, शाल, नारळ. वनमालाच्या हातात नारळ आणि ब्लाउजपीस. मग अमरसिंह माइकवर म्हणाला, "आता दादा दोन शब्द अनुभवाचे सांगतील."

वनमालाला वाटलं, हा काय सांगणार? माळ्यावरचं सांगणार?

अंगद उभा राहिला. घसा खाकरला. "तिथं चढ लई हाय. रस्त्याला असे दगड, की पालथ्या परातीवरून चालल्यागत वाटतंय."

वनमालाची मान झटकन वर झाली. परात तिची होती. ते तिला सुचलेलं होतं, तिच्या पायांना!

"पिवळी ट्राम अशी येती की भिंतीला चिकटून उभं ऱ्हावं लागतंय. आणि एक दिवस काय झालं, एका म्हातारीच्या पिशवीचा पट्टा तुटला. बटाटे खाली. आमी दोघांनी गोळा केले. तिथंच पायरीवर बसून आमी पट्टा शिवून दिला."

आमी! टाळ्या पडल्या.

वनमाला उठली. दुकान शेजारीच, जाऊन हिरवी सॅक घेऊन आली आणि स्टेजवर टेबलावर, शाली-नारळांच्या मधोमध, धाडकन ठेवली. एक नारळ गडगडत खाली गेला.

"ह्या सॅकला पाठी किती लागत्यात?" तिनं माइकात विचारलं.

तिनं सॅकचे पट्टे वर उचलून दाखवले.

"एक. ती माझी हाय. मी एकटी गेलते. हे युसूफ वडगावला माळ्यावर व्हते, आणि ते तुमाला सगळ्याला ठाव हाय."

मागं खसखस पिकली. अमरसिंह धावत येऊन माइक ओढू लागला. "वहिनी दमल्यात प्रवासानं, जरा पानी द्या रे..."

"मी दमले न्हाई, भाऊजी. चिडलेय. माइक सोडा."

त्यानं सोडला. तिचा आवाजच तसा होता.

"त्या म्हातारीचं एक मी फोनवर ह्यांना सांगितलं न्हाई. म्हणून ते ह्यांना येत न्हाई. पट्टा शिवून झाल्यावर तिनं मला खुणंनं विचारलं, एकटीच? मी बोट वर केलं. तिनं माझं ते बोट धरलं, आणि स्वतःचं बी वर केलं. ती पन एकटीच ऱ्हात व्हती. मंग आमी दोघी हसत बसलो. बास. एवढंच. तिनं मला कावून आलीस म्हणून विचारलं न्हाई. तुमी सगळ्यांनी विचारलं!"

मागून एक पोरगं ओरडलंच, "पन काकू, कावून गेलता ते सांगा की!"

"जावं वाटलं म्हणून. तुमी गोव्याला जाता तवा तुमाला कोन विचारतं बे?"

बाई माणसाच्या तोंडून 'बे' ऐकून पुढच्या रांगेतले पाहुणे दचकले. अनिसा मात्र तोंडाला ओढणी लावून हसत होती. वनमालानं ब्लाउजपीस टेबलावर ठेवला, सॅक पाठीला लावली आणि चालती झाली.

पुढच्या दिवशी सकाळी ती विळा घेऊन चौकात गेली आणि सगळ्यांदेखत फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. फ्लेक्सचं कापड मजबूत असतं, पाण्याला दाद देत नाही. दुकानात आणून पसरलं, पेपरचं जुनं माप ठेवलं आणि कात्री चालवली. अमरसिंहचा फेटा एका तुकड्यात गेला, मिशा दुसऱ्यात.

अंगद दारात येऊन उभा. कालपासून जेवलेला नव्हता. "चुकलं गं," म्हणाला.

ती शिवत राहिली.

"मला बी बघायचं व्हतं. तू फोनवर सांगायचीस तवा मी माळ्यावर डोळे मिटून बसायचो. सगळं दिसायचं. काल बोलताना वाटलं, खरंच मी बी व्हतो."

आत कुठंतरी हललं तिचं. पण राग गेला नाही, आणि कावून जावा? "मंग जायचं स्वतःच्या पायानं! माझं कावून घेतलं?"



दुपारपर्यंत सॅक झाली. पांढरी बाजू बाहेर, छपाई आत. चेन उघडली की अमरसिंहची मिशी दिसायची. वनमालानं ती अंगदच्या पाठीवर चढवली आणि पट्टे ओढले. जरा जास्तच जोरात.

"कुठं जाऊ?"

"कुठं बी जा. आधी कपिलधारला जा. पन एकटे जा. आणि आल्यावर तुमचं सांगा, माझं न्हाई."

अंगद सॅक घेऊन रस्त्यावर निघाला. चौकात पारावरच्या मंडळींनी लगेच हटकलं. "ओ अंगदराव, आता कुठला दौरा?"

वनमालानं मशीन थांबवलं. अनिसानंही गाड्यावरून मान उंचावली.

"कपिलधारला," अंगद म्हणाला. मग थांबून, "एकटाच."

"आं? कावून?"

अंगदनं वळून दुकानाकडं बघितलं. वनमालानं त्याच्याकडं बघितलंच नाही. मशीनवर पाय ठेवला आणि पुढची चेन शिवायला घेतली. ह्याचं उत्तर तरी त्यानं स्वतः शोधावं!