आंटी कुणाच्या बाजूच्या

एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर आधी ते माणूस आपल्याला पुरतं कळलेलं असावं. आंटी मला कळल्या होत्या, असं मी म्हणू शकत नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. काही चुकलं तर माफ करा. दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहितोय.

आंटींना 'नाही' म्हणायला वेळ लागत नसे. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या गावठाणात, दगडी क्रूसाला लागून त्यांचं घर होतं. त्या तिथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, घरात मराठीच बोलायच्या. आम्ही मागच्या चाळीत. मे महिन्यात क्रूसापाशी रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची आणि नंतर उकडलेले चणे वाटायचे. पातेलं आंटींच्या ताब्यात. प्रार्थना न म्हणणाऱ्या आम्हा चाळीतल्या मुलांनाही ओंजळभर मिळायचे. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक कार्यकर्ता पत्रकं घेऊन आला.

"आंटी, आपला पक्ष धर्म मानणारा आहे. दोन शब्द बोलू द्या ना."

"नाही. चणे घे आणि घरी जा."

पुढे समोरच्या पक्षाचा आला. त्याचा पक्ष सगळ्यांना समान मानणारा होता. त्यालाही चणे मिळाले, बोलायला मिळालं नाही.

कॉलेजात राज्यशास्त्राच्या तासाला फळ्यावर दोन रकाने पडले, उदारमतवादी आणि परंपरावादी. मी मनातल्या मनात ओळखीची माणसं त्यांत बसवू लागलो. माझे वडील बसले, मामा बसला. आंटी बसेनात. फाशी कुणालाच देऊ नये, असं त्या म्हणायच्या. एका मुसलमान कुटुंबाला कुठेच खोली मिळत नव्हती, त्यांना आंटींनी आपली मागची खोली दिली होती. हे ऐकून माझा मित्र केदार मुद्दाम त्यांना भेटायला आला.

"आंटी, तुम्ही एकदम लिबरल आहात. झकास!"

"असेन बाबा."

"मग गर्भपाताबद्दल तुमचं काय मत?"

"पाप आहे."

"आणि घटस्फोट?"

"लग्न एकदा झालं की झालं. ते मोडत नाही."

बाहेर पडल्यावर केदार म्हणाला, "वाट लागली यार, ही तर कट्टर निघाली."

"माझे कान चांगले आहेत रे," खिडकीतून आवाज आला.

त्याच वर्षी माझी मोठी बहीण सुनीता एका दुपारी नवऱ्याच्या घरून निघून आली. ओठ फाटला होता, एक हात वर उचलत नव्हता. वडील म्हणाले, दोन दिवस राहा आणि जा. ती उठून चपला घालायला लागली. मला काही सुचेना, मी तिला आंटींकडे नेलं. आंटींनी तिच्याकडे पाहिलं आणि दुसरी गादी घातली. संध्याकाळी तिचा नवरा महेश आला. आंटी दारातच उभ्या राहिल्या.

"आंटी, तुम्ही देवाधर्माच्या बाई. बायकोला नवऱ्यापासून तोडता?"

"मी तोडत नाही. तू मारतोस. घरी जा."

सुनीता तिथेच राहिली. घटस्फोटाचा दावा लागला तेव्हा आंटींची साक्ष ठरली. तिच्या फाटलेल्या ओठाबद्दल सांगू शकणारं घराबाहेरचं दुसरं कुणीच नव्हतं. सुनीताच्या वकीलबाई त्यांना आधी भेटल्या. "घटस्फोट तुम्हाला मान्य नाही, हे उगाच बोलू नका," म्हणाल्या. आंटी म्हणाल्या, "विचारलं तर सांगेन." सुनीता त्या दिवशी जेवली नाही. दावा गेला तर वडील तिला परत पाठवणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

कोर्टात आंटींनी पाहिलं तेवढं सगळं सांगितलं. मग महेशचे वकील उठले. त्यांनी नेमकं तेच विचारलं.

"तुमच्या धर्मात घटस्फोट चालतो?"

"नाही."

"तुम्हाला स्वतःला मान्य आहे?"

"नाही."

वकील हसले. "म्हणजे या मुलीनं नवऱ्याकडे परत जावं?"

"नाही. तो मारेल तिला."

जज वकिलांना म्हणाले, साक्षीदाराच्या धर्माचा इथे प्रश्न नाही, पुढे चला. बाहेर आल्यावर वकीलबाई चिडल्या होत्या. "आंटी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" आंटी रिक्षा मिळतेय का, ते पाहत राहिल्या.

निकाल यायला वेळ लागला. तोवर गावठाणातलं त्यांचं घर बिल्डरकडे गेलं आणि त्या मनोरीला भावाकडे राहायला गेल्या. जाताना सुनीताला त्यांनी चण्यांचं पातेलं दिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. सुनीता निकालापर्यंत चाळीत आमच्याकडे आली. निकाल सुनीताच्या बाजूनं लागला. मी फोन करून सांगितलं. आंटी म्हणाल्या, "पोरगी जेवते ना नीट?" मग माझ्या परीक्षा आल्या, सुनीताला पवईला नोकरी लागली, आणि मनोरीला जाऊ-जाऊ म्हणत राहून गेलं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या भाचीचा फोन आला. आत्या गेली, म्हणाली. महिन्याची मिस्सा, चर्चमधली तिच्यासाठीची प्रार्थना, तीही होऊन गेली. तुझा नंबर आज तिच्या जुन्या फोनमध्ये सापडला, नाहीतर आधीच कळवलं असतं. ती रोज रात्रीच्या प्रार्थनेत दोन नावं घ्यायची, सुनीता आणि महेश. शेवटपर्यंत घेतली.

"तू सुनीताचा भाऊ ना?" भाचीनं विचारलं. "मग महेशलाही तूच कळव हं. आमच्याकडे त्याचा नंबर नाही."

मी बरं म्हणालो.