पट्टी कुठल्या बाजूला

भिंत सोमवारी पाडली. सकाळी दोन वाचनालये होती, संध्याकाळी एक होते.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. विटांच्या ढिगाकडे त्यांनी पाहिले नाही, आमच्याकडेही नाही. गुडघ्यावर बसले, बोटाच्या पेराने सागाची एक फळी ठोकली, कान लावला आणि मान वर न करता मला म्हणाले, "पाय उचला, मास्तर. ही जमीन तुमच्या बापानं नाही बसवली."

ते खरेच होते. मराठी वाचनालयाची ती लाकडी जमीन त्यांनी तरुणपणी एकट्याने बसवली होती. बुऱ्हाणपुरात त्यांनी दारे, खिडक्या, मागाचे सुटे भाग पुष्कळ केले, पण ते ज्याचे त्याच्याकडे गेले. ही जमीन मात्र ते आपली समजत. दर रविवारी, कोणी बोलावलेले नसताना येत आणि ठोकून पाहत. चपला फरफटवणाऱ्याला "पाय उचला" म्हणत, मग तो वकील असो की केळीचा अडत्या. तुमच्याही गावात असा एखादा असेल. तो आला की माणसे नकळत सावरून बसतात, आणि गेला की त्याला नावे ठेवतात. मीही ठेवत असे.

तो काळ एकत्रीकरणाचा होता. प्रांतांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या होत्या आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो होतो. एकाच इमारतीत, भिंतीच्या अलीकडे मराठी वाचनालय आणि पलीकडे हिंदी. दोन्ही एक करा, असे वरून आले. संयुक्त समिती नेमली गेली. मी शाळेत मास्तर होतो. माझे अक्षर बरे होते आणि मी भांडत नसे, म्हणून चिटणीस मलाच केले.

भिंत गेली तिथे चार बोटांची चीर उरली. इकडे आमचा साग, तिकडे त्यांची नक्षीची सिमेंटची फरशी, आणि फरशी अंगठाभर उंच. लोक ठेचकाळू लागले. कोणी पडता पडता वाचला की पलीकडून आवाज येई, "इनकी तो ज़मीन ही नीची है." इकडून उत्तर जाई, "नाक वर करून चाललं की असंच होतं."

हा सांधा कशाने झाकायचा यासाठी बैठक भरली. मिस्त्रींनी फडक्यातून तीन नमुने आणले होते. दगडाचा तुकडा त्यांनी स्वतःच बाजूला सारला. "याच्यावर म्हातारे पडतील." पितळेची पट्टी सरकवली. "हे दिसायले बरं." मग सागाची, एका अंगाला उतरती पट्टी पुढे ठेवली. "ही लावा. फरशीकडून पक्की करा. लाकडाकडून मोकळी सोडा आणि खाली जागा ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगते. त्याले सरकाले जागा पाहिजे."

आमच्या बाजूचे ज्येष्ठ सभासद वकील होते. ते ताडकन उठले. "म्हणजे पट्टी त्यांच्या जमिनीत? उंबरा त्यांचा, आणि आम्ही काय पाहुणे?"

"तो आप अपनी तरफ़ ठोकेंगे?" पलीकडचे गुरुजी म्हणाले. "और हम आपसे पूछकर अंदर आएँगे?"

दीड तास हेच चालले. कोणी कोणाच्या आजोबांवरही गेले. शेवटी तडजोड निघाली. पट्टी पितळेची, स्क्रू दोन्ही बाजूंना, अकरा इकडे आणि अकरा तिकडे. त्या समितीने एकमताने केलेला तो एकच ठराव.

"लाकडाले ठराव वाचता येत नाही," मिस्त्री म्हणाले. सगळे हसले. ते हसले नाहीत, माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी सांगा. दर श्रावणात इथलं कपाट लाथ मारून कोण उघडते?"

मीच उघडत असे. फुगलेली दारे मी वर्षानुवर्षे पाहत होतो. वकील माझ्याकडे पाहत होते, गुरुजीही पाहत होते. मी खाली मान घातली आणि वहीत लिहिले, "सर्वानुमते मंजूर."

मिस्त्रींनी नमुने फडक्यात बांधले आणि गेले. दुसऱ्या सुताराने चीर सिमेंटने भरून वर पट्टी बसवली. ती चकाकत होती आणि लोक ती कौतुकाने ओलांडत होते.

श्रावणात सागाने अंग धरले. लाकूड रुंदीत फुगते आणि फळ्या सांध्याला समांतर होत्या, त्यामुळे सगळा फुगवटा पट्टीवर आला. पट्टीची कमान झाली, फरशीची कडेची ओळ तडकली आणि आमच्या जमिनीचे पोट मधोमध वर आले.

"आपकी लकड़ी ने हमारी फ़र्शी तोड़ी."

"फरशीनंच फळी दाबली."

आता तडजोड आणखी सोपी होती. साग उखडून टाकायचा आणि सगळीकडे फरशी घालायची. वकीलही तयार झाले. पुढच्या रविवारी ठराव व्हायचा होता.

मी मिस्त्रींच्या घरी गेलो. ते ओट्यावर रंधा पाजळत होते. बसा म्हणाले नाहीत.

"ठराव आणला का?"

"नाही."

"मग कोणाच्या वतीनं आले?"

"माझ्याच. मिस्त्री, ते जमीन उखडणार आहेत."

त्यांचा हात थांबला. मग परत चालू झाला. "तुमी शिकलेली माणसं. चूकसुद्धा लेखी करता. जा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायला गेलो, तर ते करवत घेऊन पायरीवर बसलेले. आत जाऊन त्यांनी पितळ उचकटले आणि सांध्याकडची शेवटची फळी लांबीच्या लांब दोन बोटे कापून काढली. आपलीच फळी. करवतीचा आवाज ऐकून वकील आले, मागून गुरुजी. मिस्त्री तोपर्यंत फरशीला भोके पाडून स्क्रू धरायला लाकडी गुटके बसवत होते, सागाच्या पट्टीसाठी.

"कोणाला विचारून?" वकील ओरडले. "आणि त्यांच्याच बाजूला?"

मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

"तिथेच लागते ती," मी म्हणालो. "लाकडाला जागा लागते. मला तेव्हाही माहीत होते, मी बोललो नाही. आता बोलतोय."

"मास्तर, तुम्ही फुटलात," वकील म्हणाले.

मी काही बोलणार, तोच मिस्त्रींचा आवाज आला. "पाय उचला, मास्तर. भुशावर उभे आहात."

रविवारी माझे चिटणीसपद गेले. जमिनीचे पोट मात्र बसू लागले होते, म्हणून उखडायचा विषय पुढे ढकलला गेला, आणि तसाच पडून राहिला. मिस्त्रींनी मला कधी माफ केले नाही, निदान तसे म्हणाले नाहीत. पुढच्याच रविवारी ठोकून पाहताना एवढेच म्हणाले, "चिटणीस नाही राहिले म्हणून चपला घासाची मोकळीक नाही."

दोन वर्षांनी, माघात, ते वारले. मला तीन दिवसांनी कळले. मुद्दाम कळवावे इतका मी त्यांचा कोणी नव्हतो. घरी गेलो तर त्यांच्या बायकोने विचारले, "तुमी कोण?" मी वाचनालयातला मास्तर, म्हणून सांगितले. त्या म्हणाल्या, "ते घरात तुमाले लई शिव्या देत." मग त्यांनी चहा ठेवला.

आता वकील नाहीत, गुरुजी नाहीत. वाचनालयात दोन्ही भाषांची वर्तमानपत्रे येतात. सागाची जमीन आहे. पावसाळ्यात ती पट्टीखाली सरकते आणि उन्हाळ्यात मागे येते.