त्या दुपारी बाळाला उचललं कुणी?

इथले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतेय, पण खरं सांगू? टाइमपास म्हणून. ऑफिसमध्ये डबा खाताना मैत्रिणींना वाचून दाखवायचे आणि हसायचे. देवाला हात जोडते, पण भूतबित, संकेत वगैरे... कधीच नाही. आजही नाही. पण एक गोष्ट चार वर्षं मनात अडकून बसलीये आणि घरात तिच्यावर धड बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

पहिलं बाळंतपण म्हणून मी आईकडे आलेले. डोंबिवली पूर्व, मानपाडा रोडजवळ, तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. बाबा नाहीत, आई एकटीच असते. माझं सिझेरियन झालेलं. टाके इतके दुखायचे की उठून बसायलाही आईचा हात लागायचा.

माझी मोठी ताई टिटवाळ्याला राहते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. कल्याणच्या एका प्रसूतिगृहात ती बरीच वर्षं आयाबाई होती, त्यामुळे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणं, गुंडाळणं, ढेकर काढणं सगळं तिच्या हातातलं. तिला स्वतःला मूल नाही. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा बाळ गेलं. माझी बातमी कळल्यापासून ती जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवत बसलेली. मी घरी आले की महिनाभर येऊन राहणार, हे ठरलेलंच होतं.

घरी आलो त्याच दिवशी माजिवड्याहून सासूबाईंचा फोन. "तुझ्या ताईला मी वाईट म्हणत नाही हो. पण बारसं होईपर्यंत तिने बाळाला हात नको लावायला. तिची दोन गेलीत ना... मनाला शंका येते."

मी आईकडे बघितलं. आई लंगोटांच्या घड्या घालत राहिली. आणि मी — काहीच न मानणारी मी — ताईला फोन लावला. "ताई, डॉक्टर म्हणालेत इन्फेक्शन होईल. बारशापर्यंत कुणी यायचं नाही."

ती मग म्हणाली, "बरोबर आहे गं. आमच्याकडेपण असंच सांगायचे." दुसऱ्या दिवशी तिने भावजींच्या हाती दुपटी पाठवून दिली. ते दारातूनच देऊन गेले.

आठव्या दिवसाची गोष्ट. दुपारचे साडेतीन वाजले असतील. माझ्या गोळ्या संपलेल्या म्हणून आई बाहेरून कुलूप लावून मेडिकलला गेली. बसणं जमत नव्हतं, म्हणून मी बाळाला कुशीत घेऊन, आडवं पडूनच पाजलं. ढेकर काढायचीही ताकद नव्हती. तसाच डोळा लागला.

अर्धवट झोपेत कळलं की माझ्या कुशीतून बाळाला कुणीतरी उचललं. मला वाटलं, आई. मग पाठीवर थोपटल्याचा आवाज. तळहात पोकळ करून, हळू... तीन थापट्या आणि थांबायचं, परत तीन. आणि अगदी जवळून, "आडवं पाजू नये गं बाळा."

आवाज ताईचा होता. गंमत म्हणजे मला आश्चर्य वाटलंच नाही. ताई आली, बरं झालं, एवढंच वाटलं. घरी आल्यापासून पहिल्यांदा मी निर्धास्त झोपले.

कुलपाच्या आवाजाने जाग आली. आई दारातून आत येत होती. बाळ माझ्या कुशीत नव्हतं.

मी ओरडलेच. आई धावली. बाळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पाळण्यात होतं. एका कुशीवर, पाठीमागे टॉवेलची गुंडाळी लावलेली. बाजूला नॅपकिन, त्यावर ओकलेल्या दुधाचा मोठा ओला डाग. आणि बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं... एक हात मोकळा, गालाशी, दुपट्याचं टोक मानेमागे खोचलेलं. मला किंवा आईला असं कधी जमलंच नव्हतं. आम्ही बांधलं की पाच मिनिटांत पाय बाहेर.

"आई, तू मधे येऊन गेलीस का?"

"अगं, आत्ता येतेय. मेडिकलला गर्दी होती." आईने दुपट्याचं खोचलेलं टोक चाचपून बघितलं. "हे माझ्या थोरलीचं बांधणं आहे," म्हणाली.

मी ताईला फोन लावला. भावजींनी उचलला. "ती झोपलीये गं. दुपारी कधी झोपत नाही, आज जेवल्या जेवल्या आडवी झाली. झोपेत गादीवर थापट्या मारत होती. थांब, जागी झाली वाटतं."

ताईने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "ओकला ना तो? नाकात नाही ना गेलं?"

मी अजून कुणालाच काही सांगितलं नव्हतं. त्या वेळी म्हणायला हवं होतं, ताई, आत्ताच्या आत्ता निघून ये. पण मी घाबरले. भुताला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला. "नाही गं, बरा आहे तो. सहज केलेला फोन," म्हणाले आणि कट केला.

बारशाला ती आली. मी बाळ तिच्यापुढे धरलं तर तिने दोन्ही हात मागे घेतले. "नको, बाहेरून आलेय मी. इन्फेक्शन होईल त्याला." हसतच म्हणाली, टोमणा नव्हता. सासूबाई दुसरीकडे बघत राहिल्या. ताई दिवसभर स्वयंपाकघरात राबली आणि संध्याकाळी टिटवाळ्याला परत गेली. तेव्हापासून आजपर्यंत तिने माझ्या मुलाला एकदाही उचललेलं नाही. तो मांडीवर बसायला गेला की सरकून बाजूला जागा करून देते.

नवरा म्हणतो, तूच झोपेत उठली असशील. असेनही. पण ते टाके असताना? आणि ते दुपटं मला कसं जमलं? मला काही सुचत नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

गेल्या महिन्यात टिटवाळ्याला गेलेले. ताई मेथी निवडत होती. मी एकदाचं सांगून टाकलं, डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते.

"माहितेय गं," ती म्हणाली. "एवढी वर्षं प्रसूतिगृहातच काम केलं ना मी."

मग मी त्या दुपारचं विचारलं. स्वप्न पडलेलं का, काय दिसलेलं. तिने बराच वेळ आठवून बघितलं.

"नाही आठवत आता. जाग आली तेव्हा फार बरं वाटत होतं, तेवढं आठवतंय. दोन्ही हात गरम होते. मग तू म्हणालीस, सहज केला फोन."