साडूंच्या वावरातलं विद्यापीठ

आमच्या साडूंइतकं विद्यापीठावर प्रेम करणारा माणूस साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे ते स्वतः सातवी नापास आहेत. चिखलीच्या पुढे, रस्त्याला लागून त्यांचं बारा एकर वावर होतं. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी ते एका संस्थेला विकलं आणि तिथे खासगी विद्यापीठ उभं राहिलं. खरेदीखतावर सही झाली, पण साडूंच्या हातून वावर काही सुटलं नाही. परीक्षेचा निकाल त्यांना पीकच वाटतो. "यंदा इंजिनिअर बरे निघाले, फार्मसीवर मात्र अळी पडली," असं ते मला फोन करून कळवतात. पदवीदानाला न बोलावता जातात, जुन्या गोठ्याच्या जागी नेमकी खुर्ची ओढून बसतात आणि काळे झगे घातलेली मुलं पाहून शेजारच्याला सांगतात, "इथं कपाशीची पऱ्हाटी व्हायची भाऊ. आता पदवीधर होऊन राह्यले."

लोकांचं मत मात्र वेगळं. तिथे फी भरली की पास, असं अर्धी चिखली म्हणते, आणि कोणी असं म्हटलं की साडूंना ते मातीला नाव ठेवल्यासारखं झोंबतं. कटिंगच्या दुकानात कारागीर हेच बोलला, तर साडू अर्धी दाढी तशीच ठेवून उठले आणि बाजारभर तसेच फिरले. एसटीत एकाने हाच विषय काढला. खामगावला उतरायचं सोडून साडू त्याच्याशी भांडत नांदुऱ्यापर्यंत गेले. "वाचनालय पाह्यलं काय तुम्ही? दुमजली हाय." तो म्हणाला, "अन् पुस्तकं?" साडू म्हणाले, "मजला बांधून ठेवला ना. येतील."

मी एकदा चिडवलं, "साडूभाऊ, संस्था त्यांची, नाव त्यांचं. तुम्ही काऊन रक्त आटवता?" ते म्हणाले, "बापानं गोटे वेचू वेचू वावर केलं होतं. तिथं काही शिकवतच नसतील, तं मंग म्या ते कायले इकलं?" त्यानंतर मी काही दिवस थट्टा केली नाही.

गेल्या जुलैत चिखलीच्या बसस्टँडवर साडू आणि मी उभे होतो. साखरखेर्ड्याचे एक भाजीवाले गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मी शाळामास्तर, तेव्हा असले प्रश्न माझ्याकडे येतातच. "गुरुजी, पोरीले कॉम्प्युटरले टाकायचं हाय. ते विद्यापीठ कसं हाय?" मी खट्याळपणे साडूंकडे बोट दाखवलं. आता वाचनालयाचे दोन मजले ऐकायचे म्हणून चहाही सांगितला. पण साडू त्या मुलीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पाहून येऊ आधी." गेटवरचा शिपाई त्यांना मालकच समजतो. त्यांनी आम्हाला थेट कॉम्प्युटरच्या वर्गात नेऊन मागच्या बाकावर बसवलं. दीड तास गेला, कोणी शिकवायला आलं नाही. मुलांनी सांगितलं, सर मागच्या दिवाळीतच सोडून गेले.

बाहेर आल्यावर साडू त्या बापाला म्हणाले, "भाऊ, शेतीची शाखा चांगली हाय, तिथले मास्तर रोज येतात. पण कॉम्प्युटरले यंदा नका टाकू. पोरीचं वर्ष वाया जाईल." त्याने हात जोडले आणि बापलेक मिळेल त्या जीपने निघून गेले.

"माह्याच तोंडानं वावराले नाव ठेवलं, साडूभाऊ," ते म्हणाले. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. मी एवढंच म्हणालो, "बरं केलं तुम्ही."

"हाव," ते म्हणाले, आणि घराकडे वळायचं सोडून गुडघ्यावर हात ठेवत कार्यालयाच्या पायऱ्या चढू लागले, कॉम्प्युटरला नवे सर कधी येणार ते विचारायला. मी खालीच थांबलो. साऱ्या पंचक्रोशीत हे विचारायला जाणारा तो एकच माणूस होता, आणि त्याचा त्या जमिनीवर आता काही हक्क राहिला नव्हता.