अण्णांनी होऊ न दिलेला रस्ता

नागपूरहून बदली होऊन मी कलकत्त्याला आलो, तेव्हा हावडा स्टेशनवर मला घ्यायला कोणी येईल अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती. फलाटावर खाकी पँट आणि कॅनव्हासचे बूट घातलेले एक गृहस्थ पुढे आले. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिले, हे बूट शहरापुरते ठीक आहेत असे मराठीत सांगितले आणि मग स्वतःचे नाव सांगितले. हेच माझे वरिष्ठ, प्राणिशास्त्रज्ञ डॉ. रघुनाथराव बिवलकर, ज्यांना आपण सारे अण्णा म्हणतो आणि ज्यांच्या एकसष्टीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे. साहेबांनी माझ्या ट्रंकेची एक कडी स्वतः धरली. मला लाजेने मेल्यासारखे झाले, पण ऐकतील ते अण्णा कसले! खोली मिळेपर्यंत मी बागबाजारला त्यांच्याच घरी राहिलो आणि वहिनींच्या हातचा वरणभात जेवलो.

अण्णांचा जन्म कलकत्त्याचाच. बंगाली अशी बोलतात, की मासळीवालाही फसतो. मराठ्यांना अडवायला शहराभोवती खणलेला जुना खंदक बागबाजारपासूनच सुरू होत असे, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला हौसेने सांगतात. आपल्याच लोकांना बाहेर ठेवायच्या खंदकाच्या आत आपण जन्मलो, याचे त्यांना भारी हसू येते.

मात्र कामाचा पहिला धडा देताना ते हसत नसत. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ते स्वतःची चूक सांगत. तरुणपणी एका जंगलाच्या पाहणीसाठी त्यांनी झुडपे तोडून मुक्कामाच्या तळापर्यंत जीप जाईल एवढी वाट करवून घेतली होती. पाहणी उत्तम झाली, अहवालाचे कौतुक झाले. पुढच्या हिवाळ्यात त्याच वाटेने लाकडाचे ट्रक आत शिरले आणि त्यांच्यामागून बंदुका. गवे जिथे खारी माती चाटायला येत, तिथे चहाची टपरी उभी राहिली.

म्हणून उत्तर बंगालच्या डोंगरपायथ्याच्या त्या खोऱ्यात, जिथे आमच्यापैकी बहुतेकांनी त्यांच्या हाताखाली काम केले, अण्णा पायीच गेले आणि आम्हालाही पायीच नेले. पहिल्याच खेपेला माझ्या टाचा सोलवटून निघाल्या. अण्णांनी माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. तळावर पोहोचल्यावर त्यांनी माझ्या टाचांना खोबरेल तेल लावले आणि तीन दगडांच्या चुलीवर पिठले केले. आईनंतर माझ्या पायांना हात लावणारा तो पहिला माणूस. समोरच्या झाडावर धनेश पक्ष्याची मादी ढोलीचे तोंड लिंपून आत बसली होती आणि नर तिला फळे भरवत होता. अण्णांनी ते मला पाहू दिले, समजावून सांगत बसले नाहीत.

पुढे एस्प्लनेडजवळच्या एका सरकारी कचेरीत या खोऱ्यासाठी बैठक झाली. संरक्षण हवे तर गस्त हवी, गस्तीला जीप हवी आणि जीपला रस्ता हवा, असे एका बड्या अधिकाऱ्यांनी मांडले. सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणे बिनतोड होते आणि आम्ही मनातून खोऱ्यावर पाणी सोडले होते. अण्णा उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, आमचा शिपाई चालत जाईल. पण चोराला साग डोक्यावरून आणावा लागू द्या.’’ बैठकीत हशा पिकला, आणि रस्ता बारगळला.

याची किंमतही अण्णांनीच मोजली. नंतरच्या एका फेरीत ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून ते घसरले आणि गुडघा निखळला. बांबूंची डोली करून आम्ही त्यांना बाहेर आणले. रस्ता असता तर वेळेवर इस्पितळात पोहोचले असते, हे डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावर सांगितले. अण्णांनी ते मान्यही केले. तेव्हापासून काठी आली आणि खोरे संपले.

खोऱ्याचा त्यांचा ध्यास काही संपला नाही. वहिनी म्हणतात, झोपेतसुद्धा ते ओढे ओलांडतात. म्हणून एकसष्टीला शाल-श्रीफळाऐवजी त्यांना एकदा खोरे दाखवावे, असे आमच्या गौरव समितीने ठरवले. झुडपे थोडी तोडली की जीप तळापर्यंत जाईल, परवानगीही मिळण्यासारखी होती. त्यांच्या हाताखाली वाढलेल्या आम्हा शहाण्यांना हे सुचावे, यातच आमचे प्रेम आले आणि आमची अक्कलही! आनंदाची बातमी द्यायला आम्ही पेढे घेऊन बागबाजारला गेलो.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले. मला वाटले, आता कानउघाडणी होणार. पण त्यांचे डोळे भरून आले होते. वहिनी हळूच म्हणाल्या, एकदाच तर जायचंय. ते बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत राहिले. ‘‘जावंसं फार वाटतं रे,’’ ते म्हणाले. ‘‘पण माझ्यासाठी उघडलेली वाट माझ्यामागे कोण बुजवणार? तुम्ही चालत जा. आल्यावर मला सगळं सांगा, काही गाळू नका.’’

त्याप्रमाणे आम्ही या हिवाळ्यात चालत गेलो. परतल्यावर थेट बागबाजारला गेलो आणि जेवणे होईपर्यंत सांगत राहिलो. हत्तींची ताजी वाट कुठून ओढ्यात उतरते, कुठल्या झाडाला मोहोर आहे, कुठले वठले. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, आणि आम्ही एखादे वळण चुकलो की दुरुस्त करत होते.

अण्णा, आपल्याला निरोगी दीर्घायुष्य लाभो, हे मागणे आमच्या स्वार्थाचे आहे. आम्ही दर हिवाळ्यात चालत जाऊ, आमच्या गुडघ्यांचे काय व्हायचे ते होवो. परत आल्यावर सांगायला आपण समोर असावे.