रोहीच हाय न?

भातकुलीकडच्या त्या गावात पुंजारामला कुणी नुसतं पुंजाराम म्हणत नसे. पुंजाराम शिकारी म्हणत. तसा तो शेतकरीच. थोडी काळी जमीन, एक बैलजोडी. पण बापाची तोड्याची, पेटत्या वातीनं उडणारी बंदूक त्याच्या वाट्याला आली होती आणि ती चालवता येणारा आसपास तो एकटाच. शेतात रोही म्हणजे नीलगाय घुसली, रानडुकरं आली की लोक सकाळीच दारात हजर, "पुंजारामभाऊ, चाला बरं." मटणाचा वाटा घरी गेला की तीच माणसं पारावर बसून म्हणत, "त्याच्या हातानं किती जीव गेले, म्हणून त्याच्या घरात पाळणा हालला नाही." हे पुंजारामच्या कानावर येत असे. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती. राग धरायचाही त्याला आताशा कंटाळा येई.

सन अठराशे चौसष्टच्या त्या सालात कापसानं वऱ्हाडाचं डोकं फिरवलं होतं. सात समुद्रांपलीकडं कुणाची तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला. मग काय विचारता! ज्याच्या बापानं जन्मभर ज्वारी पेरली त्यानंही धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत कापूस लावला. माणसांनी खायचं काय, हे कुणी बोलेना, आणि रोह्यांनी खायचं काय हे तर कुणाच्या मनातही आलं नाही. घोड्याएवढी ही जनावरं कळप करून हिंडायची आणि जिथं ज्वारीचा तुकडा दिसेल तिथं तुटून पडायची.

असा एक तुकडा पुंजारामच्या धाकट्या भावाचा, नत्थुजीचा होता. दोघं कधीचे वेगळे निघाले होते, चुली वेगळ्या, घरं वेगळी. भांडण मात्र नव्हतं. नत्थुजीची पोरगी शकुन, तिचं लग्न माघात ठरलं होतं. पंगतीला ज्वारी लागणार, आणि त्या वर्षी हातात पैसा असूनही बाजारात दाणा मिळत नव्हता. म्हणून तेवढा तुकडा त्यानं राखला होता. मार्गशीर्षात कणसं भरली आणि रोह्यांनी तीन दिवसांत निम्मा तुकडा लोळवला.

नत्थुजी भावाकडं आला तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. महिनाभर तो कापसाची गाडी घेऊन अमरावतीच्या खेपा मारत होता. तो म्हणाला, "दादा, एक तरी पाड. एक पडलं की कळप येत नाही मंग."

 पुंजारामनं मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "नत्थू, मले दिसत नाही रे आता. डोयावर पडदा आला. जनावर उभं हाय एवढं समजते, कोन्तं हाय ते समजत नाही."

"मंग?"

"मंग तू पाय अन् मी हाणतो. तू मले सांगजो. एवढ्या खेपेले जाऊ. मंग बंदूक मी टांगून देतो."

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना दोघं ज्वारीच्या कडेला बाभळीआड बसले. धुकं पडलं होतं. लहानपणी बापाच्या मागं दोघं असेच यायचे, तेव्हा नत्थू बडबड करून शिकार पळवायचा आणि मार पुंजाराम खायचा. आज नत्थू गप्प होता. गप्प कसला, पेंगत होता. पुंजारामनं दोनदा त्याला कोपरानं ढोसलं. पुंजारामचे गुडघे धरले होते, मांडीवरची बंदूक पूर्वीपेक्षा दुप्पट जड लागत होती, आणि पेटत्या तोड्याचा धूर डोळ्यांत जाऊन होतं नव्हतं तेही दिसेना. हे सगळं लवकर संपावं, एवढंच त्याला वाटत होतं.

ज्वारीची ताटं मोडल्याचा आवाज आला. धुक्यात काहीतरी निळसर, मोठं, मान खाली घालून उभं होतं.

"नत्थू, पाय बरं."

"हं."

"रोहीच हाय न?"

"हो, रोहीच हाय. हाण."

पुंजारामनं तोडा टेकवला. बार झाला. जनावर एका ठिकाणीच गुडघ्यांवर बसलं, आणि बसताना हंबरलं.

रोही हंबरत नाही. काय पडलं ते पुंजारामला पाहावं लागलं नाही. 

राखी रंगाचा म्हातारा बैल होता तो. मानेवर जुवाचे घट्टे, खांदा सुजलेला. अमरावतीच्या वाटेवर कापूस ओढून ओढून मोडलेला, कुणा गाडीवानानं असाच सोडून दिलेला. नत्थुजी त्याच्याजवळ मटकन बसला. "दादा, म्या डोये उघडून पाह्यलंच नाही रे. तू इचारलं अन् मी हो म्हणून बसलो."

"चूप," पुंजाराम म्हणाला. "तू इथं आलाच नव्हता."

"असं कावून म्हणतं?"

"शकुनचे सोयरे गोहत्येच्या घरची पोरगी करतीन का? मी एकटाच आल्तो. ध्यानात ठेवजो."

पंच बसले. पुंजारामनं सांगितलं, डोळ्यांनी दगा दिला, दुसरं कुणी सोबत नव्हतं. ज्या पंचांनी त्याच्या हातची रोही चवीनं खाल्ली होती, त्यांनीच कपाळाला हात लावले. अमरावतीहून शास्त्र्यांचा निकाल आणवला: बारा दिवस गळ्यात दावं बांधून दारोदार भीक मागायची, तोंडातून माणसाचा शब्द काढायचा नाही, फक्त हंबरायचं, मग पूर्णेत स्नान. एक शब्द जरी बोलला तरी बारा दिवस पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी पुंजारामच्या घशातून आवाजच निघेना. लाजेनं जीव नकोसा झाला. चौथ्या दिवशी लाज सरली, नुसता थकवा उरला. लोक झोळीत मूठभर टाकत आणि पाय मागं घेत. दहा दिवस तो भावाच्या गल्लीत गेला नाही. पण एकही दार सोडायचं नाही असा नेम होता, म्हणून अकराव्या दिवशी जावं लागलं.

नत्थुजीच्या दारात त्या दिवशी नेमके शकुनचे सोयरे बसले होते, लग्नाची बोलणी पक्की करायला आलेले. लांबूनच मान खाली घालून पुंजाराम हंबरला. नत्थुजीची बायको माणिकबाई सुपात ज्वारी घेऊन आली, पण तिच्या हातून सूप नत्थुजीनंच घेतलं. तो भावासमोर आला. दहा दिवस तोही झोपला नव्हता, हे पुंजारामला पडद्यातूनही कळलं. 

"दादा, मले नाही सहन होत," तो मोठ्यानं बोलला. सोयरे वळून पाहू लागले. "आयका हो सारे. त्या दिवशी म्याच—"

पुंजाराम हंबरला. मान वर करून, पोटातला सगळा जोर काढून.

"म्याच दादाले सांगतलं का—"

पुंजाराम पुन्हा हंबरला. त्याहून मोठ्यानं. नत्थुजी ओरडून बोलू लागला, तसा हाही हंबरत सुटला, श्वास घेईना, गळ्याच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेजारची माणसं दारांत येऊन उभी राहिली. नत्थुजीचे शब्द कुणालाच कळले नाहीत. पावण्यांतला म्हातारा हळहळला, "बिचारा किती मनापासून फेडून राहिला."

नत्थुजी थांबला. रडतच त्यानं सूप झोळीत रिकामं केलं. पुंजाराम मग एकदाच, अगदी हळू, त्याच्याकडं तोंड करून हंबरला आणि पुढच्या दाराकडं निघाला.