जिला जमीन लागायची

हाँगकाँगमधल्या साय कुंगच्या धक्क्यावर संध्याकाळी माणसांचे दोनच प्रकार असतात, वरचे आणि खालचे. वरची माणसे कठड्यावरून वाकतात, खालची होडीतून मान वर करतात, आणि मधल्या हवेतून लांब काठीला बांधलेले जाळे मासे घेऊन चढते व नोटा घेऊन उतरते. शेक सुय-कियु, म्हणजे आमची कियु मावशी, हिने सारे जग असे खालून पाहिले. गिऱ्हाइकाला ती चेहऱ्यावरून नव्हे, हनुवटीवरून ओळखे. नाकपुड्या पाहिल्या की घासाघीस किती वेळ चालणार याचा तिला अंदाज येई.

ती होडीत जन्मली, होडीत नांदली आणि होडीतच विधवा झाली. जमिनीवर यायची ती तांदूळ, बर्फ आणि तिन हाउ देवीचे दर्शन एवढ्यापुरती. लोकांना बोट लागते. तिला जमीन लागायची. चालत असेपर्यंत ठीक असे. एका जागी बसली की मात्र कपाळावर घाम येई, ओठ पांढरे पडत.

"खालचं काही हलत नाही ना," ती सांगे, "मग आतलं हलायला लागतं."

तिच्या होडीच्या नेमके वर लाऊबाईंचे हॉटेल. टेबले थेट धक्क्यावर मांडलेली. पावसाचे पाणी समुद्राकडे वाहून जावे म्हणून तिथली फरशी उतरती घातलेली आहे, त्यामुळे प्रत्येक टेबल आणि प्रत्येक स्टूल जन्मतः लंगडे. लाऊबाईंना ते खपत नसे. बिअरच्या खोक्यांचे पुठ्ठे दुमडून त्या कमरेच्या खिशात बाळगत आणि कुठे एखादा पाय डुगडुगला की वाकून खाली सारत. "आमच्याकडे कपातला चहा डचमळत नाही," हे त्या मालाच्या ताजेपणाआधी सांगत.

या दोघींची रोजची बोलाचाली ऐकायला लोक कठड्यापाशी थांबत.

"होडीवाले, हा हेकरू मासा झोपलाय का मेलाय?"

"तुमचा भाव ऐकून बेशुद्ध पडलाय, मालकीणबाई. थोडा वाढवा, येईल शुद्धीवर."

लाऊबाईंचा मुलगा चाक-मिंग धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला बार चालवतो. तिथे दिवे लागले की गिटार वाजते आणि शहरातली तरुण मंडळी पाय मोकळे सोडून बसतात. मावशीची मुलगी युत-फान शहरात दातांच्या दवाखान्यात काम करते. रविवारी आईला मदत करून परतताना ती त्या बारवरून जाई. मग हळूहळू ती तिथेच थांबू लागली. ही गोष्ट साऱ्या धक्क्याला कळली, आणि सगळ्यांत शेवटी दोन आयांना.

एका सकाळी लाऊबाई कठड्यावरून वाकल्या. "होडीवाले, आज मासे नकोत. मुलगी हवी."

मावशीने काठी खाली ठेवली. "देईन. पण यात घासाघीस नाही हं."

"नाही करत. मात्र जेवण वर, माझ्या टेबलावर. आणि आमच्या घरची एक रीत आहे. ताटात अख्खा मासा येऊन त्याचा पहिला घास होईपर्यंत नवरीच्या आईनं उठायचं नाही. माझ्या नणंदेच्या लग्नात तिची आई उठली, तर अजून बोलतात. काही झालं की त्या उठण्यावर जातं."

"बसेन की. बसायला काय लागतं?"

लाऊबाई वळताच युत-फान आईजवळ सरकली. "आई, वर बसून एक कप चहासुद्धा कधी संपवलेला नाहीस तू. मासा सहाव्या ताटात येतो! आपण सांगू त्यांना. होडीत करू जेवण."

"आणि तुझी सासू? ती होडीत पाय ठेवायच्या आधीच किंचाळते." मावशीने जाळ्यातले शेवाळ उगाच निपटले. "हे बघ पोरी, जन्मभर मी मान वर करून बघितलं. त्या दिवशी तुझं तोंड मला समोरून बघायचंय. आणि तिला काही सांगायचं नाही. मला आजारी समजेल."

तेव्हापासून मावशी बसण्याचा सराव करू लागली. लाऊबाईंना दिसू नये म्हणून बारपुढच्या बाकावर बसायची. मळमळ थांबते असे कोणी सांगितले म्हणून बेंबीवर आल्याची चकती चिकटवून येई. जावई चहा आणून देई, गिटारवाला तिच्यासाठी सावकाश चालीचे गाणे धरी, आणि ग्लास हातात घेतलेली अनोळखी मुले श्वास रोखून तिच्याकडे पाहत राहत. पहिल्या दिवशी गाण्याचे एक कडवेही संपले नाही. पुढे पुढे सबंध गाणे संपू लागले, तशा टाळ्या पडू लागल्या.

"सासूबाई, आज दोन गाणी झाली!" चाक-मिंग म्हणाला.

"तिसरं धर, म्हणजे तुझ्या बुटांवर ओकते."

लग्नाचे जेवण दिवेलागणीला सुरू झाले. मी नवऱ्याकडचा शेजारी म्हणून जवळच्याच टेबलावर होतो. मावशीने जांभळा रेशमी सदरा घातला होता, आणि तिच्या समोर, हाताच्या अंतरावर, लाल पोशाखातली युत-फान बसली होती. पहिला काही वेळ मावशीने जेवणाकडे पाहिलेच नाही. ती मुलीकडे पाहत होती. या मुलीच्या डाव्या भुवईत एक छोटा खंड आहे, तो इतक्या निवांतपणे तिने पहिल्यांदाच पाहिला असावा, कारण मध्येच बोट लावून तिने तो चाचपून पाहिला.

भाजलेल्या डुकराच्या पिल्लाचे ताट आले, खेकडे आले, शेवंड आली. मग सूप आले, आणि मावशीचे ओठ पांढरे पडले.

"मासा कुठाय?" तिने पुटपुटत विचारले.

"अजून कोंबडी आहे, आई. दम धर थोडा."

मावशीने टेबलाची कड घट्ट धरली. टेबल दगडासारखे पक्के होते. सकाळी लाऊबाईंनी स्वतः गुडघ्यांवर बसून त्याचे सगळे पाय बसवले होते. मावशीच्या कपाळावर घामाचे थेंब जमले. ती अर्धवट उठली, पुन्हा बसली. नवऱ्याकडच्या आत्याबाईंनी शेजारणीला कोपर मारले. युत-फानचे डोळे भरून आले.

लाऊबाईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. इतकी वर्षे त्यांनी या बाईचा फक्त भांग पाहिला होता. आता त्या तिचा चेहरा पाहत होत्या. बराच वेळ पाहिला. मग मावशीच्या हाताकडे पाहिले. टेबलाच्या कडेवर तो हात नकळत टेबल हलवू पाहत होता.

त्या उठल्या, कशिद्याचा पोशाख गुडघ्यांपर्यंत गोळा केला आणि सगळ्या वऱ्हाडादेखत टेबलाखाली शिरल्या.

"अगं, काय हे!" आत्याबाई ओरडल्या.

खालून आवाज आला, "चाक-मिंग, सूप धर!"

मावशीच्या स्टुलाखालचा पुठ्ठा निघाला. स्टूल एका पायावर डुगडुगले. मग टेबलाखालचे पुठ्ठे निघाले, आणि वाडग्यांतले सूप एका बाजूला कलून परत आले. मावशीने डोळे मिटले, कंबर सैल सोडली, डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, आणि एक दीर्घ श्वास घेतला.

"हां," ती म्हणाली. "आता कसं!"

लाऊबाई केस विस्कटलेल्या अवस्थेत बाहेर आल्या. "विहीणबाई, आधी सांगायचं ना! एरवी भाव करताना तोंड थांबत नाही तुमचं."

"तेव्हा बूड हलत असतं हो."

होडीवाल्या नातलगांच्या टेबलावरून एक म्हातारा ओरडला, "आमचंही काढा! घशाखाली काही उतरत नाहीये मघापासून!" वेटर वाकले, पुठ्ठे निघाले आणि ते टेबल लाटेवर असल्यासारखे डोलू लागले. त्या मंडळींची जेवणे तिथून पुढे खरी रंगली. धक्क्याच्या टोकाकडून गिटारवाला आला आणि त्याने मावशीचे सवयीचे गाणे धरले.

अखेर मासा आला. अख्खा हेकरू, तोही मावशीच्याच होडीतला. रस ताटाच्या कडेपर्यंत जाऊन परत येत होता. मावशीने गालाजवळचा मऊ तुकडा उचलला आणि पहिला घास विहिणीच्या वाडग्यात ठेवला.

विहिणीने तो उचलला नाही. मावशीला एकटीला हलत्या जागी कसे बसवायचे म्हणून लाऊबाईंनी स्वतःच्या स्टुलाखालचाही पुठ्ठा काढला होता, आणि आता त्यांचेच ओठ पांढरे पडले होते.

"उठू नका हं," मावशी त्यांच्या कानाशी लागली. "घरची रीत आहे."

मग तिने सदऱ्याखाली हात घातला, बेंबीवरची आल्याची चकती सोडवली आणि टेबलाखालून विहिणीच्या मुठीत दिली.

"लावा. अजून गरम आहे."